कोंबडीने खाणं सोडलंय? चोचीत काही घालण्याआधी या चुका टाळा

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात, हाकलतात, म्हणून ती अंगात त्राण असेपर्यंत सगळ्यांबरोबर दाण्यावर येते, चोच खालीवर करते आणि गिळत मात्र काहीच नाही. आपल्या लक्षात येतं तोवर बरेचदा दोन-तीन दिवस उलटलेले असतात. मग जीव कळवळतो आणि आपण हाताला लागेल ते तिला भरवायला बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की भरवू नका, आधी तिला उचला आणि नीट चाचपून बघा.

"पिसं गळतायत, म्हणून खात नाही"

ही चूक मी केली आहे आणि तिची किंमत एका कोंबडीने मोजली. दिवस लहान व्हायला लागले तसं माझ्या करड्या कोंबडीने पिसं टाकायला सुरुवात केली. तुरा आक्रसला, फिका पडला, अंडी थांबली. पिसं बदलताना हे सगळं होतंच, म्हणून मी निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी तिला उचललं तर छातीचं मधलं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं. खुराड्यात लाल गोचीडकिडे झाले होते. ते दिवसा कोंबड्या बसतात त्या दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. तुरा फिका पडला होता तो रक्त कमी झाल्यामुळे, आणि मी त्याचा दोष पिसांना देत होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पिसं बदलणारी कोंबडी मंदावते, एका बाजूला उभी राहते, थोडं कमीही खाते. पण खाणं पूर्ण सोडत नाही. मोठी कोंबडी एरवी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. त्यात थोडी घट चालेल, पण अख्खा दिवस उपाशी राहिली तर तो आजार समजा. रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कपडा फिरवा. कपड्यावर लाल डाग उमटले तर किडे आहेत. शेपटीखालची पिसं फुंकून बाजूला करा, उवा आणि त्यांच्या अंड्यांचे पुंजके तिथे दिसतात. फक्त नवी पिसं फुटत असताना हात हलका ठेवा. काट्यांसारख्या त्या कोवळ्या पिसांमध्ये रक्त असतं, दाबले की दुखतात आणि मोडले तर रक्त येतं.

उलटही होतं. खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडलेली कोंबडी आजारी समजून लोक तिला औषधं पाजतात. खुडूक कोंबडी दिवसातून एखाद-दोनदाच उठते, घाईघाईने खाते, पाणी पिते, एकच भलीमोठी शीट टाकते आणि परत जाऊन बसते. हात घातला की पिसं फुलवून गुरगुरते. आजारी कोंबडीत एवढा जोर नसतो.

अन्नपिशवी न तपासता भरवणं

गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूला अन्नपिशवी असते. रात्री झोपताना ती भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्याआधी रिकामी असायला हवी. म्हणून ती बघायची खरी वेळ पहाटेची. संध्याकाळी फुगलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही.

सकाळी ती घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखी लागली तर आत लांब गवत किंवा दोरा अडकलेला असू शकतो. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आतलं अन्न आंबलं आहे. दोन्ही वेळी वरून भरवलेला प्रत्येक घास त्याच अडथळ्यावर जाऊन साचतो. दुधात भिजवलेला पाव तर सगळ्यात वाईट, कारण कोंबडीला दूध नीट पचत नाही आणि पावाने आंबणं वाढतं. कोंबडीला उलटं धरून पिशवी रिकामी करायचा उपाय बरेच जण सांगतात. करू नका. बाहेर येणारं पाणी श्वासनळीत गेलं की ती हातातच गुदमरते. अशा वेळी दाणे थांबवा, पाणी समोर ठेवा आणि पशुवैद्याकडे न्या.

पिशवी सकाळीही रिकामी, संध्याकाळीही रिकामी असेल तर ती खरोखरच खात नाहीये. शीट हिरवी आणि पातळ दिसेल. उपाशी पोटी पित्तच बाहेर पडतं, त्यामुळे नुसत्या हिरव्या रंगावरून रोगाचं नाव ठरवू नका.

चोच उघडून पाणी ओतणं

कोंबडीच्या जिभेच्या मुळाशी एक छोटी फट असते, ती थेट श्वासनळीत जाते. तोंडात धार सोडली की पाणी तिथे शिरतं. ड्रॉपरने चोचीच्या कडेवर एक थेंब लावा. ती स्वतः जीभ फिरवून गिळेल, मग पुढचा थेंब. मान सरळ असू द्या, मागे खेचू नका. गिळतच नसेल, मान टाकलेली असेल तर थेंबही देऊ नका.

ऊब द्यायच्या आधी घास देणं

निरोगी कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण 41 अंश सेल्सिअस असतं. गारठलेल्या कोंबडीची पचनशक्ती जवळपास थांबते, पोटात गेलेलं तसंच पडून राहतं. म्हणून क्रम आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न असा ठेवा. खोक्यात मऊ अंथरूण घाला आणि फक्त एका बाजूला ऊब द्या, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली आहे. उन्हाळ्यात तिने उकाड्यानेच खाणं सोडलं असेल तर अर्थातच उलट करायचं, म्हणजे सावली आणि गार पाणी द्यायचं.

तिला तरतरी आली की नेहमीचंच खाद्य कोमट पाण्यात कालवून थोडं थोडं द्या. उकडलेल्या अंड्याचा बारीक चुराही बहुतेक जणी खातात. पिसांमध्ये सुमारे 85 टक्के प्रथिनं असतात, म्हणून पिसं येण्याच्या काळात 16 ऐवजी 18 ते 20 टक्के प्रथिनांचं खाद्य चांगलं. पण ते खात्या कोंबडीसाठी. आजारी कोंबडीवर प्रथिनांचा मारा करून काही साधत नाही.

अंदाजाने औषध

उरलेलं अँटिबायोटिक पाण्यात मिसळून सगळ्या कळपाला देणं मला अजिबात पटत नाही. जी पाणीच पीत नाही तिच्या पोटात ते जाणार कसं? शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून किती दिवस अंडी खायची नाहीत हे पशुवैद्याला विचारूनच औषध सुरू करा.

काही खुणा दिसल्या की वाट बघू नका. शीटेत रक्त, मान पिळवटणं, तोंड उघडून श्वास घेणं, किंवा शेपटी खाली पाडून ताठ उभी राहणं आणि सारखं कुंथणं. यातलं शेवटचं लक्षण बहुधा अडकलेल्या अंड्याचं असतं. आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर त्यांना हात लावू नका, थेट पशुसंवर्धन खात्याला कळवा.

आजारी कोंबडी वेगळी ठेवावीच लागते. संसर्गाची शंका असेल तर पूर्ण लांब ठेवा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा, नंतर हात साबणाने धुवा. संसर्ग नसेल तर जाळीचा पिंजरा बाकीच्यांना दिसेल असा ठेवा. आठवडाभर नजरेआड राहिलेल्या कोंबडीला कळप परकी समजतो आणि परतल्यावर रक्त निघेपर्यंत टोचतो. परत सोडताना अंधार पडल्यावर तिला दांडीवर बसवा आणि सकाळी खुराडं उघडताना तिथेच थांबा. खाद्याची दोन भांडी लांब लांब ठेवा, आणि त्या रात्री तिची अन्नपिशवी भरली आहे का, ते पुन्हा एकदा चाचपून बघा.