जंताची गोळी देण्याआधी

गोळी पोटातल्या जंतांपुरती. मातीत पडलेल्या अंड्यांना तिचा काही उपयोग नाही. म्हणून तयारी मातीपासूनच करा. गोलकृमीची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात, तिथे दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि मगच दुसऱ्याच्या पोटात जंत धरू शकतात. ओल असेल तर वर्षानुवर्षं टिकतात. तेव्हा घरातल्या प्रत्येकाची शी संडासातच जाते ना, ते आधी बघा. बाळाचीसुद्धा. ‘एवढ्याशा बाळाच्या शीने काय होतंय’ म्हणून ती बाहेर फेकली जाते, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

मग चपला. अंकुशकृमीच्या अळ्या थेट अनवाणी तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात, त्यामुळे मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या. मातीत काम करणाऱ्यांनी बंद बूट आणि हातमोजे घालावेत.

नखं कापा, साबण हाताशी ठेवा. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत, ती चोळून धुवावीच लागतात. कच्च्या खायच्या भाज्या वाहत्या पाण्यात धुवा. मुळं-कंदांची सालं काढा.

आता गोळी. अल्बेंडाझोलची मात्रा दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला २००, म्हणजे अर्धी गोळी. लहानग्याला गोळी न चुरता कधीच देऊ नका, घशात अडकते. दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करा, थोड्या पाण्यात कालवा आणि बाळाला बसवून भरवा. रडत असेल तर थांबा. नाक दाबून, आडवं पाडून पाजणं धोक्याचं. मोठ्यांनी चावून खावी. ताप असेल तर दिवस पुढे ढकला. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये, नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

त्या दिवशी पोट थोडं दुखेल, मळमळेल, कधी शौचातून जंतही पडेल. घाबरू नका, त्यासाठीच तर गोळी दिली. चाबूककृमी मात्र एका गोळीला सहसा दाद देत नाही. तक्रार राहिली तर शौच तपासून घ्या. पुढची गोळी सहा महिन्यांनी की वर्षाने, हे त्या भागात जंतांचं प्रमाण किती आहे त्यावर ठरतं. आरोग्य केंद्रात विचारून तारीख आजच लिहून ठेवा.