जुन्या घडणीचे दागिने करताय? या चुका टाळा

सध्या जो तो ‘पेशवाई कलेक्शन’ काढतोय. वरून ऑक्साइडचा काळा हात फिरवला की दागिना जुना झाला, असा समज आहे. अहो, पेशवाईतल्या बायकांनी तो घातला तेव्हा तो नवाकोराच होता!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी पोकळ दागिन्यात लाख भरायची आणि मग डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडायचे. कोल्हापुरी साजाची पानं पातळ पत्र्याची, आतून पोकळ. आत लाख भरली की ती दबत नाहीत. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका डिप्लोमावाल्या पोराने लाख भरलेल्या पानांवर राहिलेल्या कड्या जोडायला सरळ बर्नर धरला. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते, डागाचा धातू त्याच्या कितीतरी वर वितळतो. आतली हवा तापली, पान फट्कन फुटलं, लाख बाहेर येऊन जळली. नवरी मांडवात ठुशीवर उभी राहिली, साज नंतर पोहोचला. ‘व्हिडिओत असंच दाखवलं होतं,’ हे वर! मी लाखेची डबी बाहेर काढण्याआधी प्रत्येक कडी बोटाने ओढून बघते. कडी, डाग, पॉलिश, मग लाख, शेवटी गाठवणं. घाई असेल तर साज करूच नका, खड्यांची अंगठी करा.

मोती व्हिनेगर-लिंबाने धुऊ नका, चकाकी खाल्ली जाते.

ठुशीची दोरी काढून साखळी लावू नका. दोरीमुळेच ती कुठल्याही गळ्याला घट्ट बसते.

साजात दक्षिणेकडच्या टेंपल ज्वेलरीचं पदक अडकवून ‘फ्युजन’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

पुतळीहाराचं मात्र बोलणारच. त्यातल्या नाण्यासारख्या पुतळ्यांचं मूळ व्हेनिसच्या डुकाटात. १२८४ पासून पाडलेलं, सुमारे ३.५ ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं. त्यावरच्या संत मार्क आणि गुडघे टेकलेल्या डोजमध्ये (व्हेनिसच्या प्रमुखामध्ये) आपल्या लोकांना राम-सीता दिसले, असं सांगतात. नाणं ठशानेच उठतं. हल्ली जुन्या पुतळीचा रबरी साचा घेऊन मेणातून ओतकाम करतात. मग कडा बोथट, चेहरे पुसट, वजन जास्त. ठसा खोदून घ्यायला पैसे आणि थांबायची तयारी, दोन्ही लागतं. पण पातळ पत्र्यावर ठोकलेल्या पुतळ्या एकमेकींवर आपटल्या की किणकिणतात, ओतलेल्या नुसत्या खडखडतात. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, तरी हात पहिल्या हाराकडेच जातो.