रेझ्युमे जात होता, फोन येत नव्हता: माझा अनुभव
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) २२ वर्षं, शेवटची ६ प्लांट हेड. तरी चार महिन्यांत एकही फोन नाही. मनाला फार लागलं. फोटो बदलला, पानं वाढवली, उपयोग शून्य.

शेवटी, कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला रेझ्युमेचा नुसता मजकूर कसा दिसत असेल ते बघायला, वर्डमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. टेबलमुळे हुद्दे एकीकडे, तारखा भलतीकडे. हेडरमधला मोबाईल नंबर गायब!

आधी टेबल काढून सरळ एक रकाना केला. मग नंबर, ईमेल मजकुरात आणले. जबाबदाऱ्यांच्या जागी आकडे: महिन्याला किती टन, किती माणसं, रिजेक्शन कितीवरून कितीवर. गाव 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही लिहिलं. आपल्या तोंडी बेळगावच, पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव वेगळं, शोधणारा काहीही टाईप करतो. पुन्हा नोटपॅडमध्ये तपासून पाठवला.

दहाव्या दिवशी कोल्हापूरहून फोन आला.