मंदीत शिक्षकांच्या पगारावरून वाद पेटला की त्यात नीट कसं बोलायचं

मंदी आली की थोड्याच महिन्यांत हा विषय निघतोच. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा पगार निम्म्यावर आलेला असतो, आणि मग कुणीतरी म्हणतं "मास्तर लोकांचं बरंय, पगार चालू, सुट्ट्या चालू". त्यावर शिक्षक चिडतात, "एक दिवस वर्ग सांभाळून दाखवा" म्हणतात, आणि तिथून पुढे कुणी कुणाचं ऐकत नाही. पण हा वाद नुसता तोंडी राहत नाही ना, सरकारं याच हवेवर निर्णय घेतात आणि ते निर्णय मंदी संपली तरी वर्षानुवर्षं शाळेत मुक्काम करून राहतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी लिहितोय, तुम्ही शिक्षक असा, पालक असा, नाहीतर स्वतःची नोकरी गेलेली असो, बोलायच्या आधी एवढं करून बघा.

सगळ्यात आधी तीन प्रश्न वेगळे करा. पगार जास्त आहे का, सुट्ट्या जास्त आहेत का, आणि काम कमी आहे का, हे तीन वेगळे मुद्दे आहेत, आणि वादात ते इतके एकमेकांत मिसळतात की पगारावर उत्तर दिलं की समोरचा सुट्ट्यांवर जातो, सुट्ट्यांवर दिलं की पेन्शनवर. सरळ विचारा, "आत्ता आपण कशाबद्दल बोलतोय?" आणि तो मुद्दा संपेपर्यंत दुसरा उघडू देऊ नका.

मग हिशोब करा, आणि तासांचा करा. समजा ऑफिसमधला माणूस वर्षाला 52 आठवडे गुणिले 5 म्हणजे 260 दिवस, त्यातून रजा आणि सार्वजनिक सुट्ट्या मिळून 25 वजा, म्हणजे 235 दिवस काम करतो. रोज 8 तास धरले तर 1880 तास. शिक्षकाचे दिवस किती ते नियमात बघा, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये ते साधारण 195 आहेत. रोज 8 तास धरले तर 1560, म्हणजे ऑफिसवाल्यापेक्षा 320 तास कमी, पूर्ण 40 दिवसांचा फरक. हा फरक खरा आहे आणि शिक्षकांनी तो नाकारू नये. पण तोच शिक्षक शाळेच्या दिवशी रोज साडेनऊ तास काम करत असेल, म्हणजे दीड तास वह्या नि तयारी घरी, तर आकडा 1852 वर जातो आणि फरक जवळजवळ संपतो. म्हणजे सगळा वाद खरं तर त्या दीड तासावर येऊन थांबतो, तो आहे की नाही, आणि कुणाच्या बाबतीत आहे. हे एकदा कळलं की भांडण अर्धं शांत होतं, कारण ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे.

इथे एक फसगत होते ती सांगतो. इंग्लंडच्याच नियमात वर्षाला 1265 तास असा आकडा आहे, तो 195 ने भागला की दिवसाला साडेसहा तास येतात, आणि लोक तेवढंच उचलून "साडेसहा तासांची नोकरी" म्हणतात. पण ते तास म्हणजे मुख्याध्यापक ज्या वेळेत सांगतील ते काम करायचे तास, आणि त्याच नियमात पुढे लिहिलंय की तयारी, तपासणी वगैरेसाठी लागतील तेवढे वाजवी जादा तास शिक्षकाने द्यायचे. त्या जादा तासांना आकडाच नाही! भारताच्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात निदान आठवड्याला 45 तास असं लिहिलंय आणि तयारीचा वेळ त्यात धरलाय, पहिली ते पाचवी 200 दिवस आणि सहावी ते आठवी 220 दिवस. तुम्ही ज्या ठिकाणाबद्दल बोलताय तिथला नियम काढा आणि पूर्ण वाचा.

आता कामाचा बोजा, यावर जरा थांबू या, कारण बाहेरच्या माणसाला दिसतो तो फक्त वर्ग. एका शिक्षिकेकडे पाच वर्ग आहेत, प्रत्येकात 40 मुलं, म्हणजे 200 वह्या. एका वहीला तीन मिनिटं, आणि तीन मिनिटांत काय होतं तर वही उघडायची, पान शोधायचं, उत्तर वाचायचं, चूक कुठे झाली त्याला खूण करायची, एक ओळ लिहायची, सही. 600 मिनिटं, म्हणजे 10 तास, तेही एका विषयाच्या एकाच गृहपाठाचे. दर आठवड्याला एक गृहपाठ दिला तर दर आठवड्याला 10 तास. आणि तिने तीन मिनिटांऐवजी एकच मिनिट दिलं, नुसती टिकमार्क करून पुढे गेली, तर जवळजवळ सात तास वाचतात पण मुलाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. म्हणून शिक्षकांनी "आम्ही खूप काम करतो" असं मोघम बोलण्यापेक्षा हे गणित मांडावं, ते कुणालाही कळतं. आणि साधा आठवडा निवडून आपले तास लिहून ठेवावेत, परीक्षेचा आठवडा निवडायचा नाही, नाहीतर लगेच म्हणतील फुगवून सांगितलं.

बाहेरचे आकडेही आहेत. ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, तिचा शिक्षकांचा मोठा सर्व्हे आहे, टॅलिस नावाचा, त्यात 2018 साली जपानच्या माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला 56 तास काम सांगितलं आणि त्यातले शिकवण्याचे फक्त 18. बाकीचे तयारी, कागदपत्रं, मीटिंगा, मुलांचे क्लब. ते तास शिक्षकांनी स्वतः सांगितलेले आहेत हे लक्षात ठेवा, पण निम्म्याहून जास्त काम वर्गाबाहेर असतं हे त्यातून दिसतंच. युनेस्को आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी तर 1966 मध्येच शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस केली होती, त्यात स्पष्ट म्हटलंय की शिकवण्याचे तास ठरवताना रोज किती मुलं आहेत, किती वेगवेगळे पाठ घ्यायचेत, तयारीला नि तपासायला किती वेळ लागतो हे सगळं धरायचं. हा मुद्दा साठ वर्षं जुना आहे आणि दर मंदीत आपण तो पहिल्यापासून सुरू करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सुट्ट्यांबद्दल थोडक्यात. मोठी सुट्टी हा फायदा आहे, विशेषतः घरी लहान मुलं असतील तर, आणि तो मान्य करून टाकावा. पण शिक्षकाला हवी तेव्हा रजा मिळत नाही हेही खरं, आणि काही ठिकाणी पगार कामाच्या महिन्यांचाच असतो, फक्त तो बारा हप्त्यांत वाटून देतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी असंच आहे. "सुट्टीचा फुकट पगार" म्हणायच्या आधी करारात काय लिहिलंय ते बघा.

पगाराची तुलना करताना एकाच वर्षाची करू नका. लोक नेमके इथेच चुकतात. तेजीत खाजगी कंपन्या पगार वाढवतात, बोनस देतात, आणि तेव्हा शिक्षकाचा पगार किरकोळ वाटतो, हुशार पोरं या पेशाकडे फिरकत नाहीत, पण तेव्हा कुणी म्हणत नाही की शिक्षकांना वाढवून द्या. मंदीत बाकीच्यांचं खाली येतं, शिक्षकाचं तिथेच राहतं, आणि अचानक तो श्रीमंत दिसायला लागतो. त्याचा पगार हललेलाच नसतो! म्हणून निदान दहा वर्षांचं बघा, एक तेजी नि एक मंदी दोन्ही येतील असं, आणि महागाई वजा करून बघा. पगार 2 टक्के वाढला आणि महागाई 5 टक्के असेल तर तो पगार जवळजवळ 3 टक्के कमी झालाय, कागदावर वाढ दिसली तरी. उलटंही होतं, 2009 मध्ये आयर्लंडमध्ये भाव साडेचार टक्क्यांच्या आसपास खाली आले होते, त्यामुळे पगार कापा म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, फक्त घराचा हप्ता भावाबरोबर खाली येत नाही हे ते विसरत होते.

मंदीचा एक चांगला परिणाम पण आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या शिक्षकांवर अभ्यास झालाय, त्यात मंदीच्या काळात पेशात आलेले शिक्षक मुलांच्या प्रगतीच्या हिशोबाने सरासरीपेक्षा चांगले निघाले, कारण बाहेर नोकऱ्या नसल्या की चांगली माणसं इकडे वळतात. म्हणजे मंदी ही चांगले शिक्षक मिळवायची वेळ आहे. आणि नेमक्या त्याच वेळी आपण नव्या शिक्षकांचा पगार कापतो.

आता कपातीचा प्रस्ताव समोर आला तर तो तपासायचा कसा? नुसतं "कपात हवी की नको" असं विचारू नका, कपात कुठल्या प्रकारची, ते विचारा.

किती आणि कुणावर, हे पहिलं. आयर्लंडने जानेवारी 2010 पासून सरकारी पगार टप्प्याटप्प्याने कापले, वर्षाच्या पगारातल्या पहिल्या 30,000 युरोवर 5 टक्के, पुढच्या 40,000 वर साडेसात, त्यापुढे 10. म्हणजे 50,000 मिळवणाऱ्याचे 1500 अधिक 1500, एकूण 3000 गेले, सहा टक्के. आणि त्याच्या आधी मार्च 2009 पासून पेन्शनच्या नावाने वेगळी कपात चालू होतीच. तुमच्या समोरच्या प्रस्तावातही असंच सगळं एकत्र मोजा, एकेक कपात वेगळी बघितली की छोटी वाटते.

नव्या लोकांवर वेगळी आहे का, हे दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्याच आयर्लंडमध्ये 2011 पासून नव्याने लागणाऱ्यांना 10 टक्के कमी पगार दिला. एकाच स्टाफरूममध्ये, एकच विषय, एकच वर्ग, आणि पगार दोन! ही कपात करायला सोपी असते कारण जो अजून नोकरीला लागलाच नाही तो विरोध करायला येत नाही. जुन्या शिक्षकांनी आणि संघटनांनी अशा वेळी गप्प बसू नये, पुढे हीच जखम सगळ्यात जास्त दिवस ठसठसते.

तिसरं, पगार कापतायत की दिवस? 2009-10 मध्ये अमेरिकेतल्या हवाई राज्याने 17 शुक्रवारी शाळा बंद ठेवल्या, शिक्षकांचा पगार आठ टक्क्यांच्या आसपास कमी झाला आणि मुलांचे शाळेचे दिवस 180 वरून 163 वर आले. अनेक पालक त्या शुक्रवारी मुलाला कुठे ठेवायचं या विवंचनेत होते. पुढच्या वर्षी ते दिवस परत आणावे लागले.

चौथं, पगार न कापता काम वाढवतायत का. हे दिसत नाही म्हणून धोक्याचं. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, वर्गात 30 च्या जागी 36 मुलं बसवायची, की झालं, वह्या 20 टक्के वाढल्या, पगार तोच. तासाच्या हिशोबाने ही कपातच आहे, आणि तिचा भार मुलांवरही येतो.

आणि पाचवं, परत कधी मिळणार? 1931 मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी खर्च कमी करायला नेमलेल्या 'मे समिती'ने (मे हे तिच्या अध्यक्षांचं आडनाव) शिक्षकांचा पगार 20 टक्के कापा म्हटलं, सरकारने 15 जाहीर केले, विरोध झाल्यावर 10 वर आले, आणि मग 1934 ला अर्धी कपात नि 1935 ला उरलेली मागे घेतली. म्हणजे बोलल्याने फरक पडतो, आणि तात्पुरती कपात खरंच तात्पुरती असू शकते.

"मंदीत शिक्षकाला काही होत नाही" असं कुणी म्हटलं तर शिकागो सांगा. 1930 च्या दशकातल्या महामंदीत तिथल्या शिक्षकांना कित्येक महिने पगारच मिळाला नव्हता, रोख पैशांऐवजी कागदी हमीपत्रं हातात दिली जायची, आणि 1933 मध्ये हजारो शिक्षक बँकांवर मोर्चा घेऊन गेले. तरी शाळा चालू होत्या.

आता बोलायचं कसं. समोर नोकरी गेलेला माणूस असेल तर त्याला आकडे तोंडावर फेकून मारू नका. समजा घरातच मेहुणे म्हणाले, "वहिनी, तुमचा पगार एक तारखेला येतोच की, आम्हाला विचारा." तर "तुम्ही पण व्हायचं होतं ना शिक्षक" हे उत्तर देऊ नका, ते खूप लागतं आणि त्यात मुद्दाही नाही. म्हणा, "हो भाऊजी, येतो, आणि सध्या त्याची किंमत मला कळतेय. पण माझा कापला तर तुमचा परत येणार आहे का, आणि माझ्या वर्गात दहा मुलं वाढवली तर तुमच्याच पोराची वही कोण बघणार?" नोकरीची शाश्वती हा खरा फायदा आहे, तो लपवायचा नाही. आणि पालकांनी, करदात्यांनी पण एक करावं, ओळखीतला एखादा कामचुकार शिक्षक काढून त्यावरून सगळ्यांचा पगार ठरवू नये. कामचुकारपणावर वेगळी कारवाई मागा, जरूर मागा, पगार कापून कामचुकार सुधारत नाही, चांगला मात्र दुसरी नोकरी शोधायला लागतो.

सभेत बोलायची किंवा लोकप्रतिनिधीला पत्र लिहायची वेळ आली तर लांबलचक भाषण नको. कपात एकूण किती, नव्यांना वेगळी का, वर्गातली मुलं किती वाढणार, आणि परत देण्याची तारीख काय, एवढं लेखी मागा. तारीख नाही म्हणाले तर तात्पुरता हा शब्द प्रस्तावातून काढायला सांगा.