नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी घरातले कागद कसे जुळवावेत

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे वसली. अमरावती आणि अकोल्याकडे सिंधमधून आलेल्यांची घरे आहेत. यांपैकी अनेक घरांत नागरिकत्वाच्या अर्जाचा विषय आजही अधूनमधून निघतो आणि 'कागद नाहीत' या एका वाक्यावर थांबतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत कागद असतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, ही खरी अडचण असते. अर्ज ऑनलाइन भरायला फारसा वेळ लागत नाही, पण कागद जुळवायला काही महिने लागू शकतात. म्हणून सेतू केंद्रात जाण्यापूर्वी हे काम घरीच, सर्वांनी मिळून करावे.

अर्जाची गरज खरोखर आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर, पण १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक आहे आणि तिचे आईवडील कोठून आले, याने त्यात फरक पडत नाही. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मसमयी आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे १९६५ साली आलेल्या आजोबांना अर्जाची गरज असू शकते, पण १९७२ साली चामोर्शी तालुक्यात जन्मलेल्या त्यांच्या मुलाला ती नाही, आणि त्या मुलाच्या १९९५ साली इथेच जन्मलेल्या मुलीलाही नाही. हेच अर्जुनी मोरगाव तालुक्यातील तिबेटी वसाहतीत १९८७च्या मध्यापूर्वी जन्मलेल्यांनाही लागू आहे.

या मुद्द्यावर मी भर देतो, त्याला कारण आहे. नागरिकत्वासाठी अर्ज करणे म्हणजे आपण आजवर दुसऱ्या देशाचे नागरिक होतो, असे स्वतःच्या सहीने लिहून देणे होय. जो जन्माने भारतीय आहे त्याने असे कधीही लिहून देऊ नये, मग शेजारच्या दहा घरांनी अर्ज केले असले तरी. अशा व्यक्तीने जन्माचा पुरावा पक्का करावा. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, जुन्या काळातील कोतवाल पंजीची (गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हे त्यासाठीचे मुख्य कागद आहेत. ज्येष्ठांच्या पेटीतही नीट पाहावे. काही कुटुंबांना पूर्वीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांकडून नागरिकत्वाचे नोंदणी प्रमाणपत्र मिळालेले असते आणि ते निर्वासितांच्या जुन्या कार्डाबरोबर घडी घालून ठेवलेले असते. ते सापडले तर पुढचे सारे काम टळते.

अर्ज करायचा हे ठरल्यावर कोणत्या मार्गाने करायचा, हे पाहावे लागते. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ६ नुसार देशीयकरणाचा, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिक होण्याचा, सर्वसाधारण मार्ग कोणत्याही देशाच्या व धर्माच्या व्यक्तीला खुला आहे, मात्र ती बेकायदा स्थलांतरित नसावी. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षांचे वास्तव्य ही त्याची अट आहे. त्यासाठी वैध परदेशी पासपोर्ट आणि निवासाचा वैध परवाना लागतो. दुसरा मार्ग २०१९ च्या दुरुस्तीने आला व त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ रोजी किंवा त्यापूर्वी आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी तो आहे आणि त्यात अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीतील आसाम, मेघालय, मिझोराम व त्रिपुरा येथील आदिवासी क्षेत्रांत आणि इनर लाइन परमिटच्या (बाहेरच्यांना प्रवेशासाठी परवाना लागतो अशा) प्रदेशात ही तरतूद लागू नाही. गडचिरोलीचा अनुसूचित भाग पाचव्या अनुसूचीत येतो, त्यामुळे येथे ती लागू आहे. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या किंवा मूळ भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी नोंदणीचे अर्ज वेगळे आहेत. चुकीचा नमुना भरला तर सारी मेहनत वाया जाते, म्हणून नमुना आधी निश्चित करावा.

विदर्भातील बहुतेक अर्जदार या दुसऱ्या मार्गाचे असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांना दोन गोष्टी कागदाने दाखवायच्या असतात: आपण त्या तीन देशांपैकी एकाचे होतो, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत भारतात आलो होतो.

पहिल्या गोष्टीसाठी पासपोर्टच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. तिकडचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, कोणतेही ओळखपत्र, परवाना किंवा जमिनीचा कागद चालतो. अर्जदाराचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा त्या देशाचे नागरिक होते असे दाखवणारा कागदही चालतो. मुदत संपलेला कागदही ग्राह्य धरला जातो, ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यामुळे बाद झालेला पासपोर्ट निरुपयोगी समजून बाजूला टाकला जातो. जमिनीच्या जुन्या बंगाली दलिलांवर (दस्तांवर) तारीख बंगाब्दात, म्हणजे बंगाली कालगणनेत, असते. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेत ५९३ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे वैशाख १३७२ हा १९६५चा एप्रिल-मे होय. अशा कागदाचे भाषांतर जोडताना दोन्ही सन लिहावेत.

दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्या रोजच्या व्यवहारातले कागदच उपयोगी पडतात: रेशनकार्ड, आधार, वाहन परवाना, भारतात जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, विम्याची पॉलिसी, वीजबिल, विवाह प्रमाणपत्र. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडून आलेल्या सदस्याचे किंवा महसूल अधिकाऱ्याचे प्रमाणपत्रही यादीत आहे. मात्र सरपंचाने आज लिहून दिलेल्या पत्रापेक्षा २००९ सालच्या पोस्टाच्या पासबुकावरील शिक्का अधिक बोलका असतो, म्हणून पत्रावर एकट्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कागद ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीचा असला पाहिजे. त्यानंतर आलेल्यांना शिक्षेपासून संरक्षण देणारा एक आदेश २०२५ साली निघाला, पण त्याने नागरिकत्वासाठीची ही तारीख बदललेली नाही.

आता सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या कामाकडे, म्हणजे नावांकडे वळू. बंगाली कागदावर माणसाचे नाव आणि आडनाव एवढेच असते. आपल्याकडील शाळेत गुरुजींनी मराठी पद्धतीने मध्ये वडिलांचे नाव घातलेले असते. रेशनकार्डावर 'बिस्वास' असते, सातबाऱ्यावर 'विश्वास' असते आणि बँकेत इंग्रजी अक्षरांतून तिसरेच रूप झालेले असते. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते तेव्हा माहेरचा आणि सासरचा कागद एकाच व्यक्तीचा आहे, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. यासाठी एका मोठ्या वहीत प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान घ्यावे. प्रत्येक कागदावरचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि गाव जसेच्या तसे, चूक असली तरी चुकीसह, त्यात उतरवावे. फरक कोठे आहेत हे मग डोळ्यांसमोर येते. जे कागद येथे दुरुस्त होऊ शकतात, ते अर्जापूर्वी दुरुस्त करून घ्यावेत. जे होऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे आणि त्यात कागदागणिक नावे नमूद करावीत. जन्मतारीख माहीत नाही म्हणून प्रत्येक कार्यालयात १ जानेवारी किंवा १ जून लिहिलेली असेल, तर त्यातील सर्वांत जुन्या कागदावरची तारीख धरून चालावे.

गावाच्या पत्त्यातही असाच एक खाचखळगा आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर जिल्हा 'चंद्रपूर' आणि फार जुन्या कागदांवर 'चांदा' असा दिसतो. वाशीम १९९८ साली अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून निघाला. घर हलले नसले तरी कागदावर जिल्हा बदललेला दिसतो, आणि बाहेरगावच्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते स्थलांतर वाटू शकते. प्रतिज्ञापत्रात याचे एक वाक्य अवश्य घालावे.

अर्जासोबत अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, त्याच्या चारित्र्याविषयी भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र आणि तो संबंधित समाजाचा आहे असे स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेचे प्रमाणपत्र लागते. भाषेची अट घाबरवणारी नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता आली तरी पुरते, आणि मराठी, बंगाली व सिंधी या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. अंगठा लावणाऱ्या आजीलाही ही अट पूर्ण करता येते.

पैसे घेऊन 'तिकडचा दाखला' काढून देणारे लोक भेटतात. त्यांना दाराशीही उभे करू नये. खोटी माहिती दिल्यास कायद्याच्या कलम १७ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि फसवणुकीने मिळालेले नागरिकत्व रद्दही होते. एक बनावट कागद सोबतच्या नऊ खऱ्या कागदांवर संशय आणतो.

जुने कागद लॅमिनेट करू नयेत, कारण मागचे शिक्के व शाई झाकली जाते. पावसाळ्यात ते पॉलिथिनमध्ये, जमिनीपासून उंच ठेवावेत. मोबाइलच्या तिरक्या फोटोऐवजी तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनरवर दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरातल्याच माणसाचा द्यावा. केंद्रचालकाचा दिला तर पुढच्या सूचना त्याच्याकडे जातात आणि तारीख निघून जाते.

ऑनलाइन अर्ज जिल्हास्तरीय समितीकडे जातो. समितीचे अध्यक्षपद डाक विभागाच्या अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. तिथे मूळ कागद तपासले जातात आणि निष्ठेची शपथ दिली जाते. त्यानंतरचा निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते. वाजवी संधी देऊनही अर्जदार हजर राहिला नाही, तर अर्ज नाकारण्यासाठी वर पाठवला जाऊ शकतो. म्हणून ज्येष्ठांसाठी गाडीची सोय आधीच करावी आणि आजारपण असल्यास लेखी कळवून पोच घ्यावी. मूळ कागद वहीतल्या क्रमानेच न्यावेत, म्हणजे विचारलेला कागद लगेच हाती येतो. मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. एखादा ठेवून घेतला गेला, तर त्याची सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.