प्रार्थना सुचत नाही तेव्हा काय करावं

आमच्या चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत गेल्या महिन्यात एका नव्या सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, शास्त्र वाचायला बसलं की मला झोप येते आणि प्रार्थनेला डोळे मिटले की कुकरच्या शिट्ट्या आठवतात. मी काय करू?" शास्त्र म्हणजे आमचं बायबल. दोघीतिघींनी उपास सुचवला. एकीनं पहाटे चारला उठायला सांगितलं. तिचं बाळ आठ महिन्यांचं, चारला ती उठलेलीच असते! मी म्हटलं, डोळे मिटू नकोस, उघड. मग बस येईपर्यंत स्टॉपवर उभ्या उभ्या तिला जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहिते.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, पाळकबाईही नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात गेली. पान हातात घ्या, शिरा मोजा, मागची बाजू बघा, असं पोरांना रोज सांगायचे. स्वतः कधी पान हातात घेतलं असेन तर ते मेथी निवडताना.

आमचे हे गेले त्याला आता चार वर्षं होतील. मुलानं मला नेवासे तालुक्यातल्या गावाहून वडगाव शेरीला, त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यानंतर जवळजवळ पाच महिने माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नाही. चर्चला जायचे, गीतं म्हणायचे, लोक "बाई खंबीर आहेत" म्हणायचे. घरी येऊन गॅलरीत बसले की आत नुसतं कोरडं.

गॅलरीत बसून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून समोरच्या होल्याकडे, त्या कबुतरासारख्या पाखराकडे, बघायला लागले. त्यातूनच हे सगळं सुरू झालं.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा. हे वचन मला शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेपासून, पाठ, पण "निरखून" या शब्दावर मी कधी थांबले नव्हते. निरखणं म्हणजे सोनार नथ डोळ्यांजवळ धरून बघतो तसं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ काढायला प्रभूनंच सांगितलंय. म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या बाईला आपण प्रार्थना चुकवतोय असं वाटायचं कारण नाही.

तर करायचं असं. एकच गोष्ट निवडा आणि सात दिवस तीच बघा. सुंदर असलीच पाहिजे असं नाही, उलट नसलेलीच बरी. गुलाबाकडे बघताना आपण गुलाब कमी आणि गुलाबाबद्दल ऐकलेलं जास्त बघतो. गल्लीतला कडुनिंब चालेल, गटाराच्या कडेला उगवलेली रुई चालेल, ओट्यावरून जाणारी मुंग्यांची रांगही चालेल. (बायबलातल्या नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडेच पाठवलंय, तेव्हा ओट्यावरची मुंगी शास्त्राबाहेरची नाही.) जागा एक, वेळ एक, दहा मिनिटं. मोबाइल आत ठेवा. फोटो काढायचा मोह होतो. फोटो काढला की बघणं संपतं.

पहिल्या दिवशी कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी जास्त येईल. तिसऱ्या दिवशी काहीतरी दिसतं.

मला दिसलं ते असं. एसीच्या बाहेरच्या डब्यावर होल्याची जोडी घरटं करत होती. घरटं म्हणायचं ते उगाच. सुगरणीचा खोपा कुठे आणि हे कुठे! दहा-बारा काड्या, त्यात झाडूची एक आणि निळ्या वायरीचा तुकडा. नर काडी आणायचा, मादी ती अंगाखाली सरकवायची, निम्म्या खाली पडायच्या, तो परत जायचा. दोन अंडी झाली. आळीपाळीनं बसायचे, सकाळी उशिरा पाळी बदलते हेही मला कळायला लागलं. नवव्या की दहाव्या दिवशी वारा सुटला आणि एक अंडं खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर फुटलं.

त्या दिवशी मी मत्तयाचा दहावा अध्याय उघडला. दोन चिमण्या एका नाण्याला विकतात, तरी त्यातली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही, असं तिथं आहे. एवढ्या वर्षांत मी ते "पडत नाही" असंच वाचत आले होते. पडते तर. प्रभूनं पडणार नाही असं म्हटलेलंच नाही. पित्यावाचून पडत नाही, एवढंच म्हटलंय. हॉस्पिटलच्या त्या शेवटच्या रात्री मी बाहेर बाकड्यावर होते, आत जाऊ दिलं नव्हतं, आणि हे एकटे गेले हा सल माझ्या मनात होता. गॅलरीत बसून पाच महिन्यांनी पहिल्यांदा रडले. प्रार्थना म्हणाल तर तीच.

म्हणून दुसरी गोष्ट सांगते: आधी बघायचं, मग वाचायचं. उलटं केलं की आपण वचनाचा पुरावा शोधत बसतो आणि समोरचं दिसत नाही. वाचायचं तेही एकच वचन, फार तर दोन. अध्याय संपवायची घाई नको. शाळेत पोर्शन संपवायची सवय लागलेल्या माझ्यासारखीनं तर मुळीच नको. कुठून वाचायचं हे सुचत नसेल तर १०४वं स्तोत्र घ्या. त्यात झरे आहेत, रानगाढवं आहेत, सशांचे खडक आहेत, आणि माणूस संध्याकाळपर्यंत कामाला जातो हेही त्याच रांगेत, काही वेगळं नसल्यासारखं.

मग एक वाक्य मोठ्यानं बोलायचं, आपल्या घरच्या भाषेत. "हे परमदयाळू पित्या" पासून सुरुवात करायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ती शाळा न शिकलेल्या बाईला कळावं म्हणूनच. आपण मात्र प्रार्थनेला उभं राहिलो की शंभर वर्षांपूर्वीचे होतो. माझं त्या दिवशीचं वाक्य होतं, "देवा, एक तरी राहू दे तिचं." राहिलं.

शेवटी लिहून ठेवा. वही नको, वहीचं दडपण येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो ना, त्याच चौकोनात एक-दोन शब्द. माझ्या मार्चच्या पानावर "खाडा", "वीजबिल", "निंबाला मोहोर", "गुडघा", "टिटवी रात्री" असं सगळं एकत्र आहे. वर्षाअखेरी ती पानं मी टाकत नाही.

बाहेर बघायला फुरसत नसेल तर स्वयंपाकघरात बघा. प्रभूच्या निम्म्या गोष्टी घरातल्याच आहेत: दिवा, मीठ, झाडू, हरवलेलं नाणं, ठिगळ. खमिराची, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाची, गोष्ट मला भाकरीच्या मुलखात कधी कळली नव्हती, कारण ज्वारीची भाकरी काही फुगवायला ठेवत नाहीत. ती कळली इडलीच्या पिठात. एका स्त्रीनं खमीर तीन मापं पिठात लपवून ठेवलं, असं आहे. तीन मापं म्हणजे शे-दीडशे माणसांचा स्वयंपाक; ही बाई घरच्यांपुरतं करत नव्हती. आणि शब्द "लपवून". पुण्यात डिसेंबरात पीठ येत नाही म्हणून मी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवते आणि दर तासाला झाकण उघडून बघते. सूनबाई ओरडते, "आई, उघडू नका, थंड होतं." बरोबर आहे तिचं. माणसांच्या बाबतीतही मी असंच झाकण उघडून बघत असते, आला का फरक, आला का फरक.

प्रभूनं मोहरीच्या बारीक दाण्याचीही गोष्ट सांगितली: तो वाढून झाड होतो आणि पाखरं त्याच्या फांद्यांवर वस्तीला येतात. हा मोहरीचा प्रयोग प्रत्येकानं एकदा करावा. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी डालड्याच्या जुन्या डब्यात टाकली, वर माती भुरभुरली. चार दिवसांत हिरवे ठिपके वर आले. सगळे दाणे उगवले नाहीत, हे मुद्दाम सांगते. पुढे रोप माझ्या कमरेला लागलं, पिवळी फुलं आली. पाखरं काही वस्तीला आली नाहीत, मावा मात्र आला. पण त्या दिवसापासून फोडणीत मोहरी टाकताना हात क्षणभर थांबतो, तो थांबतोच.

आणि मंडईत जाल तेव्हा चिमण्यांचा हिशेब करा. मत्तयात दोन चिमण्या एका नाण्याला आहेत. लूकच्या बाराव्या अध्यायात पाच चिमण्या दोन नाण्यांना. मी गणिताचाही तास घ्यायची, तरी हे माझ्या लक्षात यायला साठी उलटावी लागली. दोनाला चार, मग पाचवी कुठून आली? ती वरची. भाजीवाली पिशवीत कढीपत्त्याची काडी टाकते, तशी. तिला भाव नाही, ती हिशेबात नाही, आणि प्रभू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. मुलाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हा पाचव्या चिमणीचा हिशेब फार कामाचा आहे. हल्ली कढीपत्ताही पाच रुपयांना विकत मिळतो, तो भाग निराळा.

नावं शिका, हीही एक गंमत आहे. लहानपणी "रानातील भूकमळे" पाठ केलं तेव्हा मला वाटायचं, भुकेचं कमळ असणार. घरात भूक होतीच. भू म्हणजे जमीन हे फार उशिरा कळलं. गालीलाच्या डोंगरउतारावर फुलणारं लाल ॲनिमोन ते असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आमच्या माळावर ते नाही. तिथं तरवड आहे, पाण्यावाचून पिवळाधमक. ते वचन पुढं म्हणतं की आज आहे ते उद्या भट्टीत पडतं, आणि हे कळायला मला कुठलं पुस्तक लागलं नाही. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत घालूनच आम्ही वाढलो. आमच्या नगरला राहून गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ताचे अभंग लिहीत आणि फुलांच्याही कविता लिहीत. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतो. त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नसाव्यात, असं मला वाटतं.

आता जे करू नये ते. दिसलेल्या प्रत्येक गोष्टीतून बोध काढू नका. मास्तरकी करणाऱ्यांना ही खोड फार. मुंगी दिसली की उद्योग, पाणी दिसलं की जीवनाचं पाणी! कधी कधी मुंगी नुसती मुंगी असू द्या.

आणि दुसऱ्याच्या दुःखावर झाडापानांचं वचन चिकटवू नका. २०१४च्या गारपिटीत भावाचा उभा गहू आडवा झाला, डाळिंबं ठेचली गेली. मी फोनवर त्याला पाखरांचं वचन ऐकवलं. त्यानं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी एसटी धरून गेले आणि बांधावर त्याच्याशेजारी बसले. काही बोलले नाही. तेव्हा कुठे तो बोलला.

निसर्ग गोडच असतो असं आमच्या दुष्काळी भागातलं माणूस म्हणणार नाही. १९७२ साली मी दहा वर्षांची होते. वडील-आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्ही पोरं सुकडीवर, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. आजी बायबलबाई होती, पिशवीत शास्त्र घेऊन वाड्यावस्त्यांवर चालत जायची. विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरावं लागायचं. ते भरून वर आली की ती बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा भाग म्हणायची: अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. म्हणताना तिचा चेहरा आनंदी वगैरे नसायचा. चिडलेलाच असायचा, खरं सांगायचं तर. पण म्हणायची.

हे सगळं एकटीनंच करायचं नाही, म्हणून वर्षातून एकदा हंगामाच्या सणाला जा. गावाकडच्या चर्चमध्ये वेदीपुढं ज्वारीची कणसं, बाजरी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासनेनंतर लिलाव. आमच्या ह्यांनी एकदा चुरशीनं चढवत नेऊन एक डांगर बाजाराच्या तिप्पट भावाला घेतलं. घरी आणून बघतो तर ते आमच्याच परड्यातलं, मीच अर्पण केलेलं! आठ दिवस डांगराची भाजी खाल्ली. शहरात लोक मंडईतून सफरचंदं विकत आणून अर्पण करतात, त्यालाही मी आता नाक मुरडत नाही. पण एखादं तरी स्वतः लावलेलं न्या, डब्यातली कोथिंबीर का होईना.

त्या नव्या सुनेचा परवा फोन आला. कॅलेंडर सुरू केलंय म्हणाली. पहिल्या दिवशी लिहिलं "मुंगी". दुसऱ्या दिवशी "मुंगीच".

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"बाळानं खाल्ली, बाई."