राजाबाई टॉवरच्या आत आर्ट डेको: कॅमेऱ्यातच डबल एक्सपोजर

इमारतींचं डबल एक्सपोजर, म्हणजे एकाच फोटोत एकावर एक घेतलेल्या दोन फ्रेम, शिकायचं असेल तर सकाळी ऊन वर यायच्या आत मुंबईचं ओव्हल मैदान गाठा. पूर्वेला १८७८ मध्ये पूर्ण झालेला, व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतला राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या, गोल कोपरे आणि सरळ रेघांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. या दोन्ही शैलींच्या वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने मिळून जागतिक वारसा ठरवलं. मैदानात उभं राहून नुसतं मागे वळलं की दोन्ही समोर येतात. यासारखी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

सकाळच का, तर तेव्हा ऊन टॉवरच्या पाठीमागून येतं आणि आर्ट डेको इमारतींच्या थेट तोंडावर पडतं. मल्टिपल एक्सपोजरच्या अ‍ॅडिटिव्ह मोडमध्ये कॅमेरा दोन्ही फ्रेमच्या प्रकाशाची बेरीज करतो. पहिल्या फ्रेममध्ये जे पांढरंफटक आहे त्यावर दुसरं काही उमटत नाही. जे काळं आहे त्यात सगळं उमटतं.

मेन्यूत मल्टिपल एक्सपोजर चालू करून अ‍ॅडिटिव्ह निवडा आणि संख्या दोन ठेवा. एक्सपोजर मोड मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) दोन्ही फ्रेमना एकच. मूळ फ्रेम वेगळ्या जपायची सोय असेल तर तीही चालू करा.

पहिली फ्रेम टॉवरची. कॅमेरा उभा धरा, ५० मिमीच्या आसपासची लेन्स पुरते. आकाशाचं मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) घेऊन त्यावर दीड-दोन स्टॉप जास्त द्या; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. आकाश पांढरं व्हायला हवं, टॉवर मात्र काळाच राहायला हवा. खालच्या झाडांचे शेंडे आले तर येऊ द्या, तेही भरले जातात.

आता मागे वळा आणि २०० मिमी लावा. इथे पूर्ण इमारत घ्यायचा मोह टाळा. गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडक्यांवरचे पातळ छज्जे, फिकट पिवळ्या-हिरव्या भिंती एवढंच फ्रेमभर घ्या, आकाश अजिबात नको. मग कॅमेरा आडवा करा. दोन्ही फ्रेम एकमेकींवर ९० अंशांत बसतात आणि छज्ज्यांच्या आडव्या रेघा टॉवरच्या आत सरळ वर चढू लागतात. तिथून पुढे ती इमारत राहत नाही, नुसत्या रेघा आणि रंग उरतात. अमूर्त चित्र मला इथेच मिळतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, पहिली फ्रेम पुसट दिसत असेल तर छज्ज्याची एखादी कड टॉवरच्या कडेला नेमकी भिडवा. त्या एका जोडासाठी हवा तेवढा वेळ घ्या; फोटोशॉपमध्ये नंतर सरकवता येतं, पण उन्हात उभं राहून घेतलेल्या निर्णयाला जी धार असते ती तिथे येत नाही.

दोन्ही फ्रेम उजळ भिंतींच्याच असतील तर प्रत्येकी एक स्टॉप कमी करा, तीन असतील तर दीड. फ्रेमच्या प्रकाशाची सरासरी काढणाऱ्या अ‍ॅव्हरेज मोडमध्ये कॅमेरा हे स्वतःच सांभाळतो, पण काळ्या आकाराचा ठसका त्यात विरतो.

संध्याकाळी सगळं उलट होतं: टॉवरचा दगड उजळतो, आर्ट डेको इमारती काळ्या पडतात. तेव्हा पूर्ण रांग घेऊ नका, नुसती काळी पट्टी मिळेल. कोपऱ्यावरची एकच इमारत निवडा.